तुम्ही विचारलंत म्हणून: काचेखालचा तो नंबर कुणाचा?

घरी आलेल्या माणसाची नजर माझ्या टेबलावरच्या काचेखाली गेली की ठरलेला प्रश्न येतो, "सर, हा नंबर कुणाचा?" चिठ्ठीवर लिहिलंय ४२९४९६७२९७. दहा आकडे, त्यामुळे मोबाईल नंबर वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडे मोबाईल नंबर चारने सुरू होत नाही.

१ ची बत्तीस वेळा दुप्पट करा आणि १ मिळवा, की ही संख्या येते: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव.

फर्मा हा फ्रान्समधल्या तूलूजच्या न्यायालयात काम करणारा गणिती. १६४० च्या सुमारास त्याच्यासमोर ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी रांग होती. प्रत्येक संख्या म्हणजे २ चा घात अधिक १, आणि घातांक १, २, ४, ८, १६. पाचही मूळ संख्या. ही रांग अशीच चालत राहणार, अशी त्याची खात्री होती. सिद्धता मात्र मिळत नव्हती. पुढचा घातांक ३२, म्हणजे माझ्या चिठ्ठीवरची संख्या.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्र लिहून युलर या दुसऱ्या गणितज्ञापुढे हा प्रश्न ठेवला. १७३२ मध्ये युलरने दाखवलं की हिला ६४१ ने भाग जातो. ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. म्हणजे फर्मा चिकाटीने २, ३, ५, ७ करत भागत बसला असता, तर त्यालाही ती सापडली असती! मला या गोष्टीची अजूनही हुरहुर वाटते. पुढे युलरने हेही सिद्ध केलं की हिच्या कुठल्याही भाजकाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते. तशा मूळ संख्या पाहा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या खेपेलाच काम झालं.

नववीच्या वर्गाला मी हा भागाकार हाताने करायला लावतो. ४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा, बाकी ४४८. वरून ९ घेतला की ४४८९. सात वेळा ६४१ म्हणजे ४४८७, बाकी २. मग ६ घेतला तरी शून्य, ७ घेतला तरी शून्य. २६७२ ला चार, बाकी १०८. १०८९ ला एक, आणि बाकी पुन्हा ४४८. इथे मुलं मान वर करतात, कारण मघाशीही हेच ४४८ आलं होतं. तेव्हा वरून ९ उतरला होता म्हणून २ उरले. आता उतरतो तो शेवटचा ७. ४४८७. सात वेळा, बाकी शून्य. भागाकार ६७००४१७, आणि तीही मूळच.

त्या रांगेत सहावी मूळ संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही. मुलं विचारतात, "सर, पुढची करून बघू?" तिथे घातांक ६४ आहे, वहीचं पान पुरत नाही. तरी मी हो म्हणतो.