रिकाम्या चेंबरमधले अल्फा

आमच्या प्रयोगशाळेत निर्वात चेंबरमध्ये सिलिकॉनच्या डिटेक्टरसमोर नमुन्याची डिस्क ठेवून किरणोत्सारी अणूंतून सुटणारे अल्फा कण मोजतात. सोमवारी सकाळी बॅकग्राउंडचा, म्हणजे नमुना नसतानाचा, स्पेक्ट्रम (कोणत्या ऊर्जेचे किती अल्फा आले त्याचा आलेख) उघडला. शनिवार-रविवार काउंट लावलेला, चेंबर रिकामं, आणि ८.७८ एमईव्हीला (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला) चक्क पीक! ते पोलोनियम-२१२ चं. आम्ही ट्रेसर (नमुन्यात मोजून मिसळायचा ओळखीचा समस्थानिक) म्हणून युरेनियम-२३२ वापरतो, त्याच्या क्षय-साखळीतला हा शेवटचा अल्फा.

"मॅडम, मी चेंबर नीट पुसलं होतं," ज्युनियर रडवेली झाली. डिस्कवरचं काहीतरी सांडलं असणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला पटेना. विद्युतलेपन केलेलं युरेनियम असं झडत नाही.

"५.२६ ला काय दिसतंय?" मी विचारलं.

सांडलं असेल तर मूळ युरेनियमही सापडायला हवं. त्याचे साधारण तीनातले एक अल्फा ५.२६ ला येतात. ५.३२ चं मोठं पीक इथे कामाचं नाही, युरेनियम-२३२ अल्फा सोडून ज्याचं होतं त्या थोरियम-२२८ चं ५.३४ त्याला खेटून असतं. ५.२६ ला काहीच नव्हतं. ५.४२ ला मात्र थोरियम-२२८ हजर. म्हणजे थोरॉन वायूवरही (रेडॉनचा एक समस्थानिक) खापर फोडता येईना. थोरॉन साखळीत थोरियमच्या नंतर येतो.

मग थोरियम एकटाच डिटेक्टरवर पोचला कसा? उडून. मी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. युरेनियममधून अल्फा सुटताना अल्फा आणि मागे उरलेला थोरियम, दोघांचा संवेग सारखाच, दिशा उलट. गतिज ऊर्जा मात्र वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. या क्षयात सुटणाऱ्या एकूण ५.४१ एमईव्हीतले २३२ पैकी ४ भाग थोरियमला, म्हणजे सुमारे ९३ केईव्ही. पावणेदोन टक्केसुद्धा नाही, पण रासायनिक बंध असतात मोजक्या इलेक्ट्रॉन व्होल्टचे! निर्वातात अडवणारं कुणी नाही. अणू समोरच्या सिलिकॉनमध्ये जाऊन रुततो. तो पुसून कसा निघणार? थोरियम-२२८ चा अर्धायुकालही १.९ वर्षं, म्हणजे लवकर संपतही नाही.

तेव्हापासून ट्रेसरच्या डिस्क मोजताना चेंबरमध्ये दोनेक टॉर (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ०.३ टक्के) हवा ठेवतो आणि डिस्कला काही व्होल्ट ऋण विभव देतो. उडालेला अणू हवेत मंदावतो आणि धनभारित असेल तर डिस्ककडे परत ओढला जातो. अल्फाच्या ऊर्जेतले जातात फक्त दहाएक केईव्ही. थोरियम रुतलेला तो डिटेक्टर आता जास्त काउंटच्या नमुन्यांना लावलाय, तिथे त्याचे काउंट आड येत नाहीत. मातीच्या कमी काउंटच्या नमुन्यांसाठी नवा मागवावा लागला.