जांघेतली गाठ

दुसऱ्या खेपेला सहावा महिना लागला होता. आंघोळ करताना उजव्या जांघेत हाताला मऊ गाठ लागली, लिंबाएवढी. संध्याकाळपर्यंत उभं राहून कामं उरकली की ती तटतटायची, रात्री आडवी झाले की गायब. तीन आठवडे मी कुणाला बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पोटात दुखतंय हे दहा जणींत सांगता येतं, जांघ म्हणायला जीभ रेटत नाही.

भीतीही होतीच. तासगावच्या माझ्या मावशीला जांघेच्या घडीखाली सुपारीएवढी गाठ होती. तिनंही ती लपवलेली. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं, आणि घरचे पित्त पित्त म्हणत बसले. गावातल्या डॉक्टरांनी पोट दाबून गोळ्या दिल्या, पण साडी जरा खाली सरकवून कुणी बघितलं नाही. शेवटी रात्री मिरजेला नेलं. आतडं अडकून काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापून काढावा लागला. आमच्याकडं तोवर हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून आतडं बाहेर येणं, हे पोती उचलणाऱ्या गड्यांचं दुखणं! जांघेचा हर्निया पुरुषांत जास्त हे खरंच, पण मावशीला झाला तो जांघेच्या घडीखालचा, फीमोरल प्रकार बायकांत जास्त दिसतो, आणि त्याचं तोंड अरुंद असल्यानं आतडं लवकर अडकतं.

माझं बिंग सासूबाईंनी फोडलं. खोकताना मी जांघ दाबून धरते हे त्यांनी बघितलं. "आतडं उतरलंय बाई. तुझ्या सासऱ्यांचं असंच होतं."

सांगलीत एका सर्जनकडं गेलो. त्यांनी मला टेबलावर झोपवलं. झोपल्यावर गाठ कुठली दिसायला? तरी दोन मिनिटांत निकाल: "हर्निया आहे, लगेच ऑपरेशन करून फटीवर जाळी बसवून घेऊ." सोनोग्राफी नाही, काही नाही. पोटात सहा महिन्यांचं बाळ आणि ऑपरेशनची तारीख हातात! रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी माझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांचा पहिला प्रश्न, "उभं करून बघितलं का?" त्यांनी मला उभं केलं, खोकायला लावलं, हात लावून बघितलं आणि मिरजेला कलर डॉपलरसाठी, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, चिठ्ठी दिली. तपासायची जांघ, पण मी गरोदर, म्हणून तिथंही आधार कार्ड आणि बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही या फॉर्मवर सही. मग तपासणी आधी झोपून, नंतर उभ्यानं. जोर करा म्हटल्यावर पडद्यावर लाल-निळे ठिपके भरभर पसरले. "आतडं नाही यात, शिरा आहेत," डॉक्टर म्हणाले.

गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी दोरीसारखे बंध असतात, ते जांघेतून खाली उतरतात. गरोदरपणात रक्त वाढतं, शिरा सैल पडतात, वर गर्भाशयाचा भार. मग पायावर फुगतात तशा त्या बंधाभोवतीच्या शिराही फुगतात. वरून बघणाऱ्याला हुबेहूब हर्निया. ऑपरेशन केलं असतं तर जाळी कशाला बसवली असती, कोण जाणे.

खरा हर्निया असला तरी तो दुखत नसेल आणि आत जात असेल, तर त्याचं ऑपरेशन सहसा बाळंतपणानंतरच करतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला फार वेळ उभं राहू नको, कुशीवर झोप, शौचाला कुंथू नको एवढंच सांगितलं. पण गाठ कडक झाली, आडवं होऊनही गेली नाही, लाल झाली किंवा उलट्या लागल्या तर रात्रीअपरात्रीही निघून यायचं, हे त्यांनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं. ते मला फार बरं वाटलं. जांघ हा शब्द एकदाचा घरात आला.

बाळंतपण नॉर्मल झालं. गाठ महिन्याभरात ओसरली, डॉपलरही स्वच्छ आला.

बेंबी मात्र बाहेर आलेली ती तशीच राहिली. तिथं खरोखरच छोटा हर्निया आहे! आणखी मूल नको हे आमचं ठरलंय, त्यामुळं बाळाचं अंगावरचं सुटलं की तिथं जाळी बसवायची. तोवर सासूबाई रोज म्हणतात, एरंडेल चोळ, बसेल जागेवर. मी हो म्हणते आणि चोळत नाही.