शिरोलीच्या पंपावर एक रात्र आणि उद्यमनगरचे मामा

गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून दाजीपूरच्या जंगलात निघालो होतो. कोल्हापूरच्या अलीकडे किणीचा टोलनाका ओलांडला आणि जळका वास यायला लागला. आधी वाटलं, कुठेतरी उसाचं पाचट पेटवलंय. वास काही मागे पडेना, म्हणून शिरोलीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर थांबलो. नवऱ्याने कॅरॅव्हॅनच्या डाव्या चाकापाशी हात नेला आणि झटकन मागे घेतला. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तव्यासारखा तापला होता आणि काळं ग्रीस रिमवर ओघळलं होतं.

कॅरॅव्हॅन आठ महिन्यांची, वॉरंटी वर्षाची, त्यामुळे मी निर्धास्तपणे बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथून कळलं की ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, त्यांचा नाही, सप्लायरचा आहे. सप्लायर म्हणाला, आम्ही थेट ग्राहकाशी बोलत नाही, कंपनीमार्फत या. पुन्हा कंपनी. आता उत्तर असं, की ट्रेलर आमच्या कारखान्यात आणा, आणण्याचा खर्च तुमचा, आणि बाहेर कुठे उघडलात तर वॉरंटी जाईल. ज्या चाकावर तो एक किलोमीटर चालवणं धोक्याचं, त्या चाकावर कारखान्यापर्यंत न्यायचा कसा, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मला तक्रार क्रमांक वाचून दाखवला. तोही तोच, आधीचा.

रात्री पंपावरच मुक्काम केला. पंपवाल्यांनी पाणी दिलं, लाइट दिला, पैशाचं नावही काढलं नाही. सासरे झोपल्यावर मी मोबाइलच्या उजेडात वॉरंटीचं पुस्तक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. सांगाडा आणि बॉडी कंपनीची. फ्रिज, एसी, बॅटरी ज्याच्या त्याच्या कंपनीची, टायर टायरवाल्याचे. छताच्या सांध्यांचं सीलंट वेळोवेळी तपासायचं काम मालकाचं, ते केलं नाही आणि पाणी झिरपलं तर दावा नाही. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग ‘झीज होणारे भाग’ या यादीत, ब्रेक लायनरच्या खाली. बाहेर दुरुस्ती करायची तर आधी लेखी परवानगी. एवढे पैसे मोजून आम्ही एक वस्तू घेतली असं समजत होतो, कागदावर तिचे पाच मालक निघाले आणि रस्त्यावर त्यातला एकही येणार नव्हता. डिलिव्हरीच्या दिवशी मी पडदे आणि शेगडी बघत बसले आणि दाखवतील तिथे सह्या केल्या. रस्त्यात बंद पडली तर कोण येणार, हा एकच प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता.

सकाळी आधी कंपनीला ईमेल केला: फोटो, जागा, वेळ, आणि ‘दुपारपर्यंत माणूस पाठवा, नाहीतर इथेच दुरुस्ती करून घेते.’ दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. मग पंपावरच्या पोराने कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या एका मिस्त्रींना, सगळ्यांच्या ‘मामां’ना, बोलावलं. साठीच्या पुढचे, मळका शर्ट, खिशाला पेन. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “ताई, घाबरू नगासा. उसाच्या ट्रॉल्यांचं हेच तर करतोय रोज.”

जॅक लावला, नट धरून ठेवणारी स्प्लिट पिन काढली, नट सोडवला. हब कागदात गुंडाळून आम्ही गाडीने उद्यमनगरात आलो. तिथे एकाला लागून एक शेड, लेथचा आवाज, दारात लोखंडाचा चुरा. मामांनी आतलं बेअरिंग पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. रोलर निळसर पडले होते. “हे झिजल्यालं न्हवं. नट लई आवळलाय, ग्रीस बी कमी. तापून जळलंय.” वरच्या मजल्यावरून मामांच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, “थांबा, चहा टाकतो.” कोल्हापूरच्या बायकांचं हे ‘टाकतो, जातो’ मला फार आवडतं. त्या चहाने कालपासूनचा राग निम्मा उतरला.

बेअरिंगवरचा नंबर दाखवला तर शेजारच्या दुकानात नवं हजर. पंपावर परत आल्यावर मामा चाक हाताने फिरवत नट आवळत गेले, मग जरासा ढिला केला, चाक किती सैल आहे ते बोटांनी अजमावलं आणि नवी पिन घातली. दुसरं चाकही उघडून ग्रीस भरलं, मी न सांगता. सगळे मिळून अठराशे रुपये.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी हे सगळं लिहितेय. जुनं बेअरिंग पुसून पावाच्या पिशवीत घातलं, वर गाठ मारली आणि बिलावर सावकाश लिहिलं: तारीख, बेअरिंगचा नंबर, ‘नट जादा आवळलेला, ग्रीस कमी, बेअरिंग जळालेले.’ खाली सही. “हे टाकू नगासा. कंपनीला दाखवा. मी सांगतो कुणाला बी, फोन करू द्या.” ज्यांनी ट्रेलर बनवला ते चार ओळी लिहून द्यायला तयार नव्हते. अठराशे रुपये घेणारा माणूस स्वतःच्या सहीने जबाबदारी घेत होता.

दाजीपूरला दोन दिवस झाले. गवे दिसले, पाऊस लागला.

कंपनीकडून अजून ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढंच येतंय. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर ग्राहक आयोगात जाणार. २०१९च्या कायद्याप्रमाणे मी राहते तिथल्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पिशवी आणि बिल कपाटात जपून ठेवलंय.

परतताना मुद्दाम उद्यमनगरात वळलो. मामा हात पुसत बाहेर आले, आधी डाव्या हबला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिले, मग उजव्याला. “गार हाय,” म्हणाले. “आता बसा की.”