नोंदवहीत वाढलेला एक रकाना

दोन वर्षं पाऊस मोजतोय. यंदा पहिल्यांदा वेगवेगळ्या प्रदेशांतल्या निरीक्षकांशी आकडे ताडून बघायला घेतले आणि सुरुवातीलाच अडलो ते तारखेवर.

भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांचा पाऊस मापनाच्या तारखेलाच लिहितो. ब्रिटनमध्ये सकाळी नऊचं (ग्रीनिच वेळ) रीडिंग आदल्या दिवसाच्या खात्यावर जातं. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत, पण रोजचे आकडे शेजारी मांडले की सगळी मालिका एका दिवसाने सरकलेली दिसते. त्याहून वाईट म्हणजे महिनाअखेर. 31 तारखेच्या संध्याकाळी जोरदार सर आली आणि 1 तारखेला सकाळी मोजली, तर तो पाऊस कुठल्या महिन्याचा? एका पद्धतीत नव्या महिन्याचा, दुसरीत जुन्या. एवढ्याने महिन्याची बेरीज कोरड्याची ओली होऊ शकते. म्हणून मोजल्याची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, लिहायचा स्वतंत्र रकाना वहीत वाढवला, आणि जुनी पानंही त्याप्रमाणे दुरुस्त करत आणली आहेत.

मग ऋतू. उत्तर गोलार्धातले बरेच निरीक्षक डिसेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा धरतात, म्हणजे त्यांचा हिवाळा दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेला असतो. भारतात हवामान विभागाच्या हिशेबात हिवाळा जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि जून ते सप्टेंबर हा नैऋत्य मोसमी पावसाचा सलग काळ. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्यांना चार ऋतूंचं फारसं काही नाही; ऑक्टोबर ते एप्रिल ओला, उरलेला कोरडा. ‘यंदाचा उन्हाळा कसा गेला?’ असं विचारलं की तीन जण तीन वेगळ्या काळांबद्दल बोलत असतात. मी आता ऋतूचं नाव टाळून थेट महिने लिहितो.

बर्फ पडणाऱ्या प्रदेशांतल्या निरीक्षकांकडून मात्र खरंच नवीन शिकलो. ते पर्जन्यमापकाची नरसाळी आणि आतली नळी काढून ठेवतात, बाहेरच्या भांड्यात बर्फ साठू देतात, मग तो वितळवून पाणी मोजतात. दहा सेंटीमीटर बर्फ म्हणजे एक सेंटीमीटर पाणी हा ढोबळ अंदाज. कोरडा, भुसभुशीत बर्फ असेल तर पाणी बरंच कमी निघतं. त्यामुळे थराची जाडी आणि वितळलेलं पाणी, दोन्ही आकडे हवेतच. माझ्या तक्त्यात दुसऱ्याला जागाच नव्हती. आता केली.

सरासरीशी तुलना करताना सगळ्यांनी 1991 ते 2020 हा काळ धरायचा ठरलं आहे. माझ्या दोन वर्षांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, म्हणून जवळच्या अधिकृत केंद्राची घेतली. टक्केवारीसोबत मिलिमीटर लिहायचेच, हा माझा आग्रह: जिथे महिन्याची सरासरी 2 मिमी आहे तिथे 10 मिमी पडला की 500 टक्के होतात, आणि वाचणाऱ्याला पूर आल्यासारखं वाटतं.

एल निनोवर चर्चा झाली की मला ही शिस्त फार मोलाची वाटते. विषुववृत्ताजवळच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं पाणी तापलं (यालाच एल निनो म्हणतात) की पूर्व ऑस्ट्रेलियातला माणूस कोरड्या महिन्यांची धास्ती घेतो, पेरूच्या किनाऱ्यावरचा अतिवृष्टीची. दोघांच्या वह्या शेजारी ठेवता आल्या पाहिजेत.

नव्या रकान्यासह पहिली जुळणी पुढच्या महिन्यात, 1 तारखेचं रीडिंग झाल्यावर.