जुनी गाडी: दुरुस्ती की बदल?

तीन लाख किलोमीटर धावलेली आमची गाडी धुळे-जळगाव रस्त्यावर भर उन्हाळ्यात तापू लागली, तेव्हा घरातल्या सर्वांनी नवी घेण्याचा आग्रह धरला. इंजिन थंड ठेवणारे रेडिएटर व वॉटर पंप, तसेच क्लच हे भाग झिजणारच आणि ते बदलताही येतात. परंतु चासी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, गंजाने पोखरली असेल, तर जिवापाड जपलेली गाडीही सोडलीच पाहिजे, कारण तिथे प्रश्न पैशाचा नसून आत बसणाऱ्यांच्या जिवाचा असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, तेव्हा कायद्याचीही आडकाठी नाही. आमच्या गाडीची चासी शाबूत आहे आणि इंजिनाचे कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) समाधानकारक निघाले, म्हणून मी नवा रेडिएटर बसवून घेत आहे. वडिलांना भुसावळला याच गाडीतून जायला आवडते, हेही मी हिशेबात धरले आहे.