सोमवारी पाच वाजायच्या आत

टेक्सासमधल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, कोर्टात मी डेप्युटी क्लर्क आहे. फौजदारी खटल्यांच्या फायली सांभाळायच्या, शिक्के मारायचे, नकला द्यायच्या, हे माझं काम. आपल्याकडच्या कोर्टातला रेकॉर्ड रूमचा कारकून डोळ्यांसमोर आणा, साधारण तसंच. बंदुकीला मी कधी हात लावलेला नाही. पण एखाद्याला बंदूक द्यायची की नाही, हे कधी कधी आमच्या गोदामातल्या कागदावर अडून बसतं. २०२२ च्या जूनमधला एक सोमवार असाच होता.

त्याआधी २४ मे रोजी टेक्सासमधल्याच युव्हाल्डी गावच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या होत्या. ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. असा गोळीबार झाला की आता कायदा कडक होणार या धास्तीने लोक बंदुका घ्यायला धावतात. दुकानांत गर्दी झाली की चौकशा वाढतात आणि त्यातल्या काही फॅक्सने आमच्याकडे येऊन पडतात.

हे चालतं कसं ते सांगते. परवानाधारक दुकानदाराकडे गिऱ्हाईक ४४७३ नंबरचा फॉर्म भरतं. दुकानदार ते गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या यंत्रणेला कळवतो. तिला सगळे 'निक्स' म्हणतात. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून ती आली आणि १९९८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांचे प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली होती. कायद्याला नाव त्यांचंच आहे. बहुतेकांना काही मिनिटांत 'द्या' असं उत्तर मिळतं. काहींच्या नावावर मात्र जुनी अटक दिसते आणि खटल्याचं पुढे काय झालं ते दिसत नाही. मग वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गच्या ऑफिसातला तपासनीस आम्हाला विचारतो. त्याच्या हातात कामाचे तीन दिवस असतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर कायद्याने दुकानदार बंदूक देऊन टाकू शकतो.

माझ्या सांगलीकडच्या काकांची शेतावरची बारा बोअरची बंदूक मला आठवते. आधी अर्ज, मग पोलीस चौकशी, मग परवाना, आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. तिथे परवाना हातात पडेपर्यंत माणूस थांबतो. इथे कागद वेळेत सापडला नाही म्हणून बंदूक थांबत नाही. इतकी वर्षं इथे राहूनही हे मला पटलेलं नाही.

तर फॅक्स गुरुवारी आला होता. नाव-गाव सांगत नाही. नव्वदच्या दशकातली अटक, मारहाणीचा किरकोळ गुन्हा. प्रश्न तीन: दोषी ठरला का, कोणत्या कलमाखाली, आणि मार खाणारी व्यक्ती त्याची कोण? मंगळवारपासून दुकानदाराला बंदूक देण्याची मुभा होती. आमच्या कॉम्प्युटरवर त्या खटल्यापुढे फक्त 'निकाली' असा शेरा. फाइल गावाबाहेरच्या गोदामात. मी लगेच मागणी टाकली. सोमवारी दुपारी गोदामाची गाडी आली, खोकं उघडलं, तर आत भलत्याच वर्षाच्या फायली.

शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "कळवून टाक की रेकॉर्ड उपलब्ध नाही. नियमात बसतं." बसतं खरं. तिच्या घरात आजोबांपासूनच्या शिकारीच्या रायफली आहेत. बंदुकीच्या हक्कावर कोणी बोट ठेवलेलं तिला खपत नाही. पण मी गाडीची किल्ली उचलली तशी तीही उठली. "दोघी असलो तर लवकर सापडेल," एवढंच म्हणाली.

वाटेत डोक्यात चार्ल्सटन होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलायनात एका एकवीस वर्षांच्या मुलाने पिस्तूल घेतलं. त्याच्या अटकेच्या कागदांत असं काही होतं की ते वाचलं असतं तर विक्री थांबली असती. पण कागद नेमके कोणत्या पोलीस खात्याकडे आहेत हेच तपासनिसाला उमगलं नाही. तीन दिवस उलटले, दुकानाने पिस्तूल दिलं, आणि १७ जूनला त्या मुलाने चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या ९ जणांना मारलं. ज्याच्या टेबलावर ती चौकशी पडली होती, त्या तपासनिसाचा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोदामात एसी नव्हता. पत्र्याच्या छपराखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. खोक्यांवरचे नंबर एका रांगेत उलटसुलट लागले होते, म्हणून सगळा घोळ. फाइल सहकारीलाच सापडली.

तपकिरी पुठ्ठा, गंजलेली क्लिप, कडा पिवळ्या पडलेल्या. पहिल्याच पानावर निकाल: गुन्हा कबूल, दंड आणि प्रोबेशन. आधी मी हे पाहिलं की खटला 'डिफर्ड'मध्ये, म्हणजे दोषी न ठरवता निकाल लांबणीवर टाकण्यात, गेला होता का. टेक्सासमध्ये तसं झालं आणि माणसाने अटी पाळल्या, तर ती शिक्षा धरत नाहीत. इथे तसं नव्हतं, सरळ शिक्षा होती. पण कौटुंबिक हिंसाचार होता की नाही याची नोंद करायची जागा कोरी. न्यायाधीशांनी भरलीच नव्हती. आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून. १९९६ पासून संघराज्याचा कायदा असा आहे की बायकोला मारल्याबद्दल किरकोळ गुन्ह्यातही शिक्षा झाली असेल, तर बंदूक बाळगता येत नाही. नुसत्या मारामारीला तो लागू नाही.

मी एकेक पान उलटत गेले. आरोपपत्रामागे पोलिसाचं प्रतिज्ञापत्र होतं, हाताने लिहिलेलं, अक्षर डावीकडे झुकलेलं. फिर्यादीचा आणि आरोपीचा पत्ता एकच. खाली लिहिलं होतं की पत्नी ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन लावत असताना त्याने तिच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला आणि त्या रिसीव्हरनेच तिच्या तोंडावर मारलं. 'पत्नी' हा शब्द दोनदा. शेवटी तिची सही, त्याच आडनावाची. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे की नातं गुन्ह्याच्या कलमात नमूद नसलं तरी चालतं, ते सिद्ध झालं पाहिजे. ते नातं या पानावर होतं.

सहकारीने ते माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "सदरलँड स्प्रिंग्ज." मला काही विचारावं लागलं नाही. २०१७ मध्ये त्या गावच्या चर्चमध्ये २६ जीव गेले. मारेकऱ्याला हवाई दलात असताना बायकोला आणि सावत्र मुलाला मारल्याबद्दल शिक्षा झाली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही, म्हणून दुकानातली प्रत्येक तपासणी तो पार करत गेला. २०२१ मध्ये सॅन अँटोनिओच्या कोर्टाने ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली.

परत येऊन नकला काढल्या, शिक्के मारले, फॅक्स केला. थोड्या वेळात क्लार्क्सबर्गहून फोन. प्रतिज्ञापत्राचं पान पुसट आलंय, पुन्हा पाठवता का? मशीनवर गडद करून पुन्हा पाठवलं. "आता वाचता येतंय," ती बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. पाच वाजायला थोडाच वेळ उरला होता. त्या माणसाला बंदूक मिळाली की नाही, हे आम्हाला कोणी कळवत नाही.

त्या दिवसांत टीव्हीवर एक गट म्हणत होता की तपासणीने काही होत नाही, कारण युव्हाल्डीच्या मुलाने अठरा पूर्ण होताच तपासणी पार करूनच रायफली घेतल्या. ते खरं आहे, त्याच्या नावावर अडवण्यासारखं काही नव्हतं. पण व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या मारेकऱ्याच्या बाबतीत होतं. त्याला मानसोपचार घ्यायचा कोर्टाचा आदेश होता, तो यंत्रणेत पोचलाच नाही, आणि २००७ मध्ये ३२ जण गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगीही होती. शिवाय टेक्सासमध्ये एका माणसाने दुसऱ्याला खासगीत बंदूक विकली तर तपासणीच नाही. २०१९ मध्ये इथल्याच ओडेसात गोळीबार करणाऱ्याला दुकानाने नाकारलं होतं, त्याने बाहेरून रायफल घेतली. खासगी विक्रीलाही तपासणी हवी असं माझं ठाम मत आहे. सहकारीचं तसं नाही. यावर आमचं अजून जमलेलं नाही, डबा मात्र एकत्रच खातो.

त्याच महिन्यात २५ तारखेला नवा कायदा झाला आणि २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकांची अल्पवयीन असतानाची नोंदही तपासायची ठरली. त्यांच्यासाठी मुदतही गरज पडली तर कामाच्या दहा दिवसांपर्यंत वाढली. पुढे २०२३ मध्ये टेक्सासने सोळा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांच्या मानसोपचाराचे आदेश कळवणं क्लर्कना बंधनकारक केलं. ते कळवायला माणसं कोण देणार, हे त्यात नव्हतं. म्हणून आम्ही दोघींनी मुदत उलटून गेलेल्या चौकशांची यादी केली आणि बजेटच्या वेळी आमच्या क्लर्कसाहेबांनी ती काउंटीच्या कमिशनरांपुढे ठेवली. दोन जागा मागितल्या होत्या, एक मंजूर झाली. नव्या मुलाला आम्ही सगळ्यात आधी गोदामातल्या मारहाणीच्या जुन्या फायली स्कॅन करायला बसवलं आहे. निकालाच्या पानाबरोबर प्रतिज्ञापत्रही घ्यायचं, हे त्याला बजावून सांगितलंय.