काकवी आणि कोंबडी

कोल्हापुरात गूळ आणि कोंबडी दोन्ही मुबलक, पण ताटात त्यांची गाठ कधी पडत नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, २०१४ साली इथल्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी तांबड्या रश्श्याच्या पातेल्यात कुणी गुळाचा खडा टाकल्याचं माझ्या कानावर नाही. आमटीत गूळ घालणाऱ्या पुणेकरांकडेसुद्धा आम्ही जरा सहानुभूतीनंच बघतो. अशा गावात गोड चकाकीच्या चिकन विंग्ज करायच्या म्हणजे आधी घरच्यांची परवानगी, मग ओव्हन.

त्याही आधी चिकनचं दुकान. विंग्ज मागितल्या की “वहिनी, लॉलीपॉप करू?” हा प्रश्न ठरलेला. आपल्याकडे पंखाचा जन्म त्यासाठीच. सुरीच्या टोकानं सांध्याभोवती कापायचं, मांस खरवडत दुसऱ्या टोकाला ढकलायचं, तिथे गोळा झाला की धरायला हाडाचं दांडकं मोकळं. मधल्या तुकड्यात दोन हाडं असतात, त्यातलं बारीक हाड मुरगळून काढून टाकतात. हात इतके सराईत चालतात की बघत उभं राहावंसं वाटतं. पण मला लॉलीपॉप नको, कातडी हवी असते, आणि घोडं तिथेच अडतं. इथे कोंबडी पिसांसकट सोलून देतात. कातडी ठेवायची तर गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात. रविवारी सकाळी गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना एवढा वेळ कुणाला? आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काम होतं. आणि कातडीशिवाय या पदार्थाला अर्थ नाही. तिच्याखालची चरबी वितळते, ती कुरकुरीत होते, आणि पाक तिलाच धरून बसतो. सोललेल्या पंखावरून तोच पाक ओघळतो आणि ट्रेमध्ये करपतो. (गावठी कोंबडीच्या वाटेला मात्र जाऊ नये. तिचे पंख रश्श्यातच शोभतात.)

विंग्ज म्हटलं की सगळे अमेरिकेचं नाव घेतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ साली त्या केल्या असं सांगतात. पण तो मामला तिखट सॉस आणि लोण्याचा. माझ्या चवीचा प्रकार जपानमधल्या नागोयाचा. तिथे पंख तळतात, गोडसर सोया सॉसमध्ये घोळवतात आणि वरून मिरपूड व पांढरे तीळ भुरभुरतात. तेबासाकी म्हणतात त्याला.

बहुतेक कृतींत मध लिहिलेला असतो. माझ्या घरात काकवीची बरणी असताना मी मध कशाला आणू? गुऱ्हाळावर रस आटत आला, की त्याचा गूळ होण्याआधी काढून घेतात ती काकवी. मुळात पातळ, त्यामुळे गूळ किसा, विरघळवा, गाळा ही भानगड नाही. शिवाय ती मधासारखी नुसती गोड नसते, मागे किंचित खारट, भाजकी चव रेंगाळते, आणि सोया सॉसशी तिचं चांगलं जमतं. अर्धी वाटी काकवी, तीन चमचे सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, ठेचलेलं आलं-लसूण आणि एक चमचा कांदा-लसूण चटणी. चटणीशिवाय आमच्याकडे मतदान विरोधात जातं. सासूबाईंनी बरणी बाहेर आलेली बघूनच विचारलं होतं, “मग वेलदोड्याची पूड पण घाल की!” नंतर वर तीळ पडताना बघून त्या जरा निवळल्या. तीळ आणि गूळ एका जागी दिसले की त्यांना फार काळ रागावता येत नाही.

बाकी सगळा खेळ वेळेचा. साखर १६० अंशांच्या आसपास करपायच्या वाटेला लागते. मधात फ्रुक्टोज भरपूर, ते त्याच्याही बरंच आधी काळवंडतं. आणि ओव्हन तर २०० वर. म्हणून मीठ लावलेले पंख फडक्यानं कोरडे टिपायचे, तसेच ट्रेमध्ये पसरायचे आणि पाऊण तास त्यांच्याकडे गोड काहीही फिरकू द्यायचं नाही. मधे एकदा उलटवले की पुरे. तोवर कढईत पाक. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती बुजली नाही की गॅस बंद. गार होताना तो आणखी दाटतो, म्हणून कढईत थोडा सैलच बरा. गोळीबंद होऊ दिला तर कोंबडीची चिक्की खावी लागेल. शेवटची सहा-सात मिनिटं पंखांना पाक चोपडून परत आत. कडांना बुडबुडे येतात, रंग तांबूस होतो आणि घरभर गुऱ्हाळाचा वास सुटतो. या सहा-सात मिनिटांत फोन वाजला तर वाजू द्यावा.

खायला काटे-चमचे काढणाऱ्यांची मला कीव येते. मधल्या तुकड्यातलं बारीक हाड पिळून ओढलं की सुटून येतं, मग दुसऱ्या हाडावरचं मांस दातांनी एका झटक्यात. नळ्या फोडून खाणाऱ्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पंखांची टोकं मी आधीच कापून ठेवते. ती उकळून त्यांची अळणी, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, होते, दुसऱ्या दिवशीच्या पांढऱ्या रश्श्याला.

ह्यांनी भाकरी मागितली तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, याच्याबरोबर भाकरी खात नाहीत.” ह्यांनी ट्रे पुढे ओढला, तळाला साचलेला पाक आणि चरबी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली आणि त्यालाही एक घास दिला. दुसरी भाकरी त्यानं स्वतःच उठून आणली.